जावळ काढल्यावर हाताला लागलेल्या गाठी: सुई टोचायची का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: मुलगी १४ महिन्यांची, वजन ९ किलो २०० ग्रॅम. सहा आठवड्यांपूर्वी जावळ काढलं. त्यानंतर आठवड्याभरात न्हाऊ घालताना डोक्याच्या मागे हरभऱ्याएवढ्या दोन आणि डाव्या कानामागे एक अशा गाठी हाताला लागल्या. ताप नाही, खाणं-खेळणं नेहमीसारखं. सोनोग्राफीत सगळ्यात मोठी गाठ ९ बाय ५ मिलिमीटर. एका डॉक्टरांनी एफएनएसी, म्हणजे गाठीत बारीक सुई घालून पेशी काढायची तपासणी, लिहून दिली. दुसऱ्यांनी ‘टीबीचं औषध सुरू करून बघू’ असं सुचवलं. सासूबाई म्हणतात लेप लावा. आणि तुम्ही रोज रात्री ती झोपली की गाठी चाचपता, मग तुमची झोप उडते.

एफएनएसी करू की नको, असं तुम्ही विचारलंय. मला त्यामागे दुसरा प्रश्न दिसतो: किती दिवस थांबलं तर चालेल, आणि थांबण्याच्या नादात एखादा मोठा आजार हातून निसटणार तर नाही ना? मी त्याचंच उत्तर देते. सुईचं उत्तर त्यातच येईल.

पुण्यात मी २७ वर्षं लहान मुलांची डॉक्टर आहे. मानेतली गाठ दाखवायला कोणी आलं नाही असा आठवडा सहसा जात नाही. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुमच्या मुलीच्या गाठींना मी हात लावलेला नाही. गाठ मऊ आहे की रबरासारखी घट्ट, बोटाखाली सरकते की खाली चिकटून बसलीय, पोटात यकृत-प्लीहा वाढलेत का, हे बोटांनाच कळतं. तेव्हा पुढचं सगळं तुम्ही लिहिलेलं खरं धरून.

आपल्या अंगभर अशा शेकडो लसिका ग्रंथी असतात आणि त्यातल्या पुष्कळशा एकट्या मानेत आणि डोक्याभोवती. जुन्या वाड्यात दिंडी दरवाज्याशी देवडी असायची, तसं त्यांचं काम. त्या त्या भागातून येणारा लसिका द्रव त्यांच्यातून गाळला जातो आणि जंतू सापडला की तिथल्या पेशी झपाट्याने वाढतात. त्या वाढीलाच आपण ‘गाठ आली’ म्हणतो. आपल्या आज्यांना हे नीट माहीत होतं. पायाला काटा लागून पिकला की जांघेत अवधाण यायचं, आणि त्या जांघेवर उपाय न करता पायातला काटा काढायच्या. गाठीकडे बघण्याची पद्धत आजही तीच आहे: गाठ जिथे आहे तिथे थांबायचं नाही, ती ज्या भागाची राखण करते तो भाग शोधायचा.

डोक्याच्या मागच्या आणि कानामागच्या गाठी डोक्याच्या कातडीची राखण करतात. आता तुमचाच मजकूर परत वाचा. जावळ काढलं, आणि पुढे ओघात तुम्ही लिहिलंय की ‘वस्तऱ्याने दोन-तीन ठिकाणी कापलं होतं, नंतर पुटकुळ्या आल्या, आता बऱ्या आहेत.’ मला यात बरंचसं उत्तर दिसतं. कातडी ओरबाडली गेली, त्यातून जंतू शिरले, मागच्या ग्रंथी कामाला लागल्या. दुसरंही असू शकतं. दीड-दोन वर्षांपर्यंतच्या कितीतरी निरोगी बाळांना डोक्यामागे वाटाण्याएवढ्या गाठी असतातच. तुमच्या मुलीच्याही आधीपासून असतील, फक्त जावळाखाली लपलेल्या. केस गेले आणि पहिल्यांदा तुमची बोटं तिथे पोहोचली.

पावसाळ्यात माझ्याकडे अशा गाठींची रांग लागते. डास चावलेलं खाजवून झालेल्या जखमा, घामोळं, टाळूवरची पिवळी खपली, खवडे, उवा. एका पाच वर्षांच्या मुलीला आईवडिलांनी मानेच्या गाठींसाठी रक्ताच्या दोन तपासण्या आणि एक्सरे करून आणलं होतं. मी कानामागचे केस बाजूला केले तर लिखांचा थर. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, लाजेने. मी तिला सांगितलं ते इथेही लिहिते: शाळेत आणि पाळणाघरात डोक्याला डोकं लागतं तिथे उवा होतात, त्याचा घरच्या स्वच्छतेशी संबंध जोडू नका. उवांचं औषध केलं, आठ दिवसांनी परत केलं, दोन महिन्यांत गाठी बारीक झाल्या.

दोन महिने हा आकडा लक्षात असू द्या. गाठ फुगते दोन दिवसांत, ओसरायला आठवडे लागतात, कधी महिने. त्यात तुमची मुलगी दोन महिन्यांपासून पाळणाघरात जाते आणि दोनदा सर्दी होऊन गेलीय. या वयाच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं अगदी नेहमीचं. पाळणाघरातल्या मुलाला त्याहून जास्त. पहिली सर्दी जाऊन ग्रंथी बसायच्या आत दुसरी येते. म्हणून ‘सहा आठवडे झाले तरी गेली नाही’ एवढ्यावरून मी घाबरणार नाही. मी विचारेन: वाढली का?

आकाराचं साधं मोजमाप असं. मानेत एक सेंटिमीटरपर्यंत, जांघेत दीड सेंटिमीटरपर्यंतची मऊ, सरकणारी गाठ लहान मुलात आम्ही सर्वसाधारण धरतो. कोपराच्या आतल्या बाजूला अर्ध्या सेंटिमीटरहून मोठी लागली तर लक्ष देतो. गळ्याच्या हाडाच्या वर, त्या खळगीत लागणाऱ्या गाठीला मात्र कुठलंच माप नाही; ती वाटाण्याएवढी असली तरी थांबायचं नाही, कारण तिथली ग्रंथी छाती आणि पोटाच्या आतल्या भागाची राखण करते.

तुमच्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी हायलम मेंटेन्ड’ असं लिहिलंय आणि त्या शब्दांनी तुम्ही घाबरलात. उलट ती चांगली खूण आहे. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट असते आणि तिच्या मध्ये रक्तवाहिन्या शिरण्याची चरबीची जागा असते. ती जागा शाबूत आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे कशाला तरी उत्तर म्हणून फुगलेली. अहवालात गाठ गोल झालीय, मधली जागा पुसली गेलीय, गाठी एकमेकींना चिकटल्यात किंवा आत पू किंवा मृत भाग दिसतोय असं असतं, तर मी आज वेगळं लिहिलं असतं.

आता टीबी. हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात.

मानेतला टीबी, ज्याला जुनी माणसं गंडमाळा म्हणत, आपल्याकडे अजूनही आहे आणि मुलांतही आहे. पण त्याची चाल वेगळी. गाठी बहुधा मानेच्या बाजूला, आठवड्यागणिक वाढत दोन सेंटिमीटरच्या पुढे जाणाऱ्या, न दुखणाऱ्या, एकमेकींत गुंतलेल्या. जोडीला संध्याकाळचा बारीक ताप, वजन अडकणं, घरात किंवा जवळ कोणाला तरी टीबी. तरीही दरवेळी सगळं चित्र पुरं दिसतं असं नाही, म्हणून मी दोन गोष्टी हमखास विचारते: वजनाचा आलेख आणि जवळच्या माणसांचा खोकला.

वजन तुमच्या मुलीचं वयाला साजेसं आहे. मागच्या तीन महिन्यांत ते वाढलंय का, हे लसीकरणाच्या कार्डावरून बघा. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याशी मी थबकले. तुम्ही लिहिलंय, ‘पाळणाघरातल्या मावशींना बरेच दिवस खोकला आहे, त्यांच्याकडूनच सर्दी लागली असेल.’ बरेच दिवस म्हणजे किती? दोन आठवड्यांहून जास्त असेल तर त्या मावशींची थुंकी तपासून घ्यायला हवी. ही तपासणी ससूनमध्ये आणि सरकारी व महापालिकेच्या आरोग्यकेंद्रांमार्फत मोफत होते. त्यांना कामावरून काढून टाकायला सांगू नका, कोणाकडे बोभाटा करू नका. सोबत जा किंवा जायला वेळ द्या. तपासणी निर्दोष निघाली तर तुमची आणि त्यांची दोघींची काळजी मिटेल. टीबी निघालाच तर त्यांना मोफत औषधं आणि दरमहा पोषणासाठी सरकारी मदत मिळते, आणि त्यांच्या सहवासातल्या लहान मुलांची तपासणी करून, आजार नसेल त्यांना तो होऊ नये म्हणून गोळ्या देता येतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत सुईपेक्षा हे काम मला जास्त तातडीचं वाटतं.

‘टीबीचं औषध लावून बघू, गाठ गेली तर टीबीच होता’ या युक्तिवादाला माझा ठाम विरोध आहे. साध्या गाठीसुद्धा दोन-तीन महिन्यांत आपणहून बसतात. मग श्रेय औषधाला जातं, मूल सहा महिने गोळ्या खातं, यकृतावर ताण येतो आणि ‘हिला लहानपणी टीबी झाला होता’ हा शिक्का आयुष्यभर राहतो. उलट बाजूही आहे: खऱ्या टीबीत औषध चालू असताना गाठ काही काळ वाढूही शकते. म्हणजे गाठ लहान-मोठी होण्यावरून निदान होत नाही. संशय असेल तर छातीचा एक्सरे, मांटू चाचणी (टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत वाचायची) आणि गाठीतला नमुना घेऊन सीबीनॅट (नमुन्यात टीबीचे जंतू शोधणारी तपासणी), अशा पुराव्याने जायचं. औषध त्यानंतर.

मग एफएनएसी वाईट आहे का? अजिबात नाही. मोठी, वाढणारी, टीबीसारखी वाटणारी गाठ असेल तर मी स्वतःच पाठवते, आणि तो नमुना सीबीनॅटलाही जाईल याची खात्री करून घेते. पण ९ मिलिमीटरची, मऊ, हायलम शाबूत असलेली डोक्यामागची गाठ टोचून ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ याखेरीज काही हाती लागायची शक्यता फार कमी, आणि त्यासाठी १४ महिन्यांच्या बाळाला धरून ठेवावं किंवा गुंगी द्यावी लागते. कर्करोगाची खरीखुरी शंका असेल तर सुईने घेतलेल्या पेशी बऱ्याचदा पुरत नाहीत. पूर्ण गाठ काढून तपासावी लागते. तेव्हा तुमच्या मुलीसाठी, आज, मी एफएनएसी करणार नाही.

कर्करोग हा शब्द तुम्ही लिहिला नाहीत, पण रात्री झोप उडते ती त्यानेच, हे मला ठाऊक आहे. म्हणून तेही सांगते. रक्ताचा किंवा लसिका ग्रंथींचा कर्करोग असलेलं मूल सहसा फक्त गाठ घेऊन येत नाही. ते फिकुटतं, अंगावर मार न लागता निळे डाग येतात, हिरड्यांतून रक्त येतं, पाय दुखतात म्हणून चालायचं टाळतं, ताप उतरत नाही, पोट फुगतं. गाठी दोन सेंटिमीटरहून मोठ्या, घट्ट, न दुखणाऱ्या, वाढत राहणाऱ्या असतात. छातीत गाठी असतील तर खोकला येतो, आडवं झोपवलं की श्वास कोंडतो. यातलं काही असेल तर आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

एक मुलगा मला आजही आठवतो. चार वर्षांचा, गळ्याच्या हाडाच्या वर छोटीशी गाठ. आधी दुसरीकडे त्याला ‘सूज उतरायला’ म्हणून स्टिरॉइडचं सिरप दोनदा दिलं गेलं होतं. गाठ उतरलीही, घर आनंदलं. महिन्याभरात ती परत आली, खोकला घेऊन. तो लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, होता. स्टिरॉइडमुळे या आजारातल्या पेशी तात्पुरत्या विरघळतात, नमुन्यात निदान धूसर होतं आणि मोलाचे आठवडे जातात. मुलगा उपचारांनी बरा झाला, पण त्या दोन बाटल्यांनी त्याच्या आईवडिलांना जे भोगायला लावलं ते टाळता आलं असतं. म्हणून निदान नसलेल्या गाठीवर कोणी प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोनचे थेंब लिहून दिले, तर द्यायच्या आधी ‘हे कशासाठी?’ असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

काही गाठी वेगळ्याच प्रकारच्या असतात, त्या थोडक्यात. एकाच बाजूला दोन-तीन दिवसांत टम्म फुगलेली, लाल, गरम, हात लावला की मूल कळवळतं अशी गाठ म्हणजे जंतूंची लागण. तिला अँटिबायोटिक लागतं, पू झाला तर निचरा करावा लागतो. त्यात मूल लाळ गाळत असेल, गिळत नसेल, मान वळवत नसेल तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. पाच दिवस उतरत नसलेला ताप, लाल डोळे, फुटलेले लालभडक ओठ, अंगावर पुरळ आणि मानेत एका बाजूला मोठी गाठ, असं दिसलं तर कावासाकी आजाराचा विचार करायचा; त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो आणि उपचार पहिल्या दहा दिवसांत मिळाले तर फार फरक पडतो. जबड्याखालच्या गाठीसाठी आधी तोंड उघडून बघा. बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलांचे किडलेले दात मी तिथे नेहमी पाहते.

डाव्या काखेतली गाठ हा आपल्याकडचा खास प्रकार, कारण जन्मल्यावर बीसीजी, म्हणजे टीबीची लस, डाव्या दंडावर देतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्या बाजूच्या काखेत गाठ येऊ शकते. बाळ बाकी सुदृढ असेल तर तिला बहुतेक वेळा औषध लागत नाही, टीबीचंही नाही. ती मऊ पडून पू झाला तर सुईने ओढून घेता येतो. चिरा मात्र देऊ नये. काखमांजर समजून चिरा दिलेल्या एका बाळाची जखम माझ्या डोळ्यांसमोर कित्येक महिने वाहत होती. वारंवार आजारी पडणाऱ्या, वजन न वाढणाऱ्या बाळाला अशी गाठ आली तर गोष्ट निराळी. तिथे प्रतिकारशक्तीचीच तपासणी करावी लागते.

सासूबाईंबद्दल. त्यांच्यावर रागावू नका. पुण्यात गाठीची भीती फार जुनी आहे. १८९७च्या प्लेगमध्ये जांघेत, काखेत, मानेत गाठ उठली की माणूस काही दिवसांत जायचा. सावित्रीबाई फुले त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना गेल्या. ‘गाठ’ शब्दाला घराघरात आलेला तो धसका पिढ्यांनी उतरत आलाय. पण लेप नको. १४ महिन्यांच्या बाळाची कातडी नाजूक असते, लेपाने ती भाजते, सोलते, आणि मग त्याच ग्रंथींना नवं काम मिळतं. तेल लावून चोळणं, शेकणंही नको. त्यांना काही करायचंच असेल तर नखं दर चार दिवसांनी कापणं आणि डोकं रोज न्याहाळणं हे काम त्यांच्याकडे द्या. त्यांच्या हाताला आणि नजरेला हे आपल्यापेक्षा चांगलं जमेल.

आणि तुमचं रोज रात्रीचं चाचपणं थांबवा. दाबल्याने गाठ चिडते, शिवाय रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही. त्याऐवजी एक वही करा. दर दोन आठवड्यांनी, ठरलेल्या एका वारी, गाठीवर पट्टी धरून लांबी लिहायची. शेजारी वजन, ताप आला का, सर्दी झाली का. बस. चार-सहा आठवड्यांनी त्याच डॉक्टरांना दाखवा, ज्यांचा हात आधी लागलाय त्यांनाच, आणि वही पुढे ठेवा. तोवर गाठ बसत आली असेल किंवा आहे तेवढीच असेल आणि मूल वाढत असेल तर आणखी थांबता येतं. वाढत असेल, दीड-दोन सेंटिमीटरकडे निघाली असेल, घट्ट झाली असेल, किंवा मूलच मलूल वाटत असेल, तर रक्ताची तपासणी, एक्सरे आणि मग गरजेप्रमाणे सुई किंवा गाठ काढणं. तेव्हा मी स्वतः तुम्हाला ‘करा’ म्हणेन.

शेवटी तुम्ही विचारलंय की पंधराव्या महिन्याची लस पुढे ढकलू का. नको. अशा गाठींसाठी लस थांबवायचं कारण नाही, ठरल्या दिवशी द्या. त्या लसीत रुबेलाचा, म्हणजे जर्मन गोवराचा, कमजोर केलेला विषाणू असतो आणि रुबेला कानामागच्या-डोक्यामागच्या ग्रंथींनाच चाळवतो. लसीनंतर एक ते तीन आठवड्यांत याच गाठी थोड्या फुगल्यासारख्या वाटल्या तर वहीत तारीख टाका आणि पुढच्या मोजणीपर्यंत थांबा.